घरच्या घरी ध्वनिमुद्रण : आवाजासाठी परवडणाऱ्या मायक्रोफोनची निवड

१. उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –

• मराठी उच्चारांच्या दृष्टीने चांगले ध्वनिमुद्रण कशास म्हणावे, हे स्पष्ट करता येईल.
• डायनॅमिक, कंडेन्सर आणि कॉलर मायक्रोफोन यांच्यातील फरक सांगता येईल.
• खोली, अंतर व उद्देश यांचा विचार करून आपल्या ऐपतीत बसणारा मायक्रोफोन निवडता येईल.
• निवडलेल्या मायक्रोफोनची चाचणी मराठी ध्वनींच्या आधारे घेता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मराठीच्या अभ्यासक्रमात मायक्रोफोनचे काय काम, असा प्रश्न हे शीर्षक वाचून तुम्हाला पडला असेल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पुढील दोन शब्दप्रयोग मोठ्याने म्हणून पाहा : ‘जरा थांब’ आणि ‘जरा आणि मरण’. दोन्ही ठिकाणी ‘जरा’ हा शब्द एकाच तऱ्हेने लिहिला जातो. उच्चार मात्र वेगळा होतो. ‘थोडे’ या अर्थाच्या पहिल्या शब्दात जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते, म्हणून तो ‘ज’ दंत्य होय. ‘वार्धक्य’ या अर्थाच्या दुसऱ्या शब्दात जीभ टाळूकडे जाते, म्हणून तो ‘ज’ तालव्य होय. ‘चारा’ आणि ‘चार’ या शब्दांतील ‘च’चे नातेही असेच आहे. आपली लिपी हा भेद दाखवीत नाही. तो फक्त बोलणाऱ्याच्या मुखात असतो.

बोलींच्या बाबतीत तर असे भेद पावलोपावली आढळतात. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, हे कागदावर लिहून दाखवता येते. पण एखाद्या आजीच्या ओवीतील सूर, शब्दाच्या शेवटी रेंगाळणारा स्वर, दोन चरणांमधील श्वास या गोष्टी कागदावर उतरत नाहीत. लिखित नमुन्यांची ही मर्यादा जुनीच आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मराठीला वाहिलेला आहे. आणि पुढील काळात त्याच सर्वेक्षणाच्या जोडीने भारतीय भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही मुद्रित करण्यात आले. आपल्या काळाच्या जवळचे उदाहरण म्हणजे हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅँ यांनी आरंभिलेले जात्यावरच्या ओव्यांचे संकलन. त्यात एक लाखाहून अधिक ओव्यांची नोंद झाली आणि अनेक ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजात जतन झाल्या. घरोघरची जाती थांबली. पुस्तकातील ओवी उरली तरी तिची चाल आवाजाविना उरत नाही.

तुमच्या प्रकल्पकार्यात तुम्ही असेच काही मुद्रित करणार आहात : एखाद्या वृद्धेच्या ओव्या, गावातील बोलीचा नमुना, किंवा स्वतःचे काव्यवाचन वा गायन. हे मुद्रण बहुधा घरातच होईल आणि हाताशी पैसाही बेताचाच असेल. अशा वेळी ‘सर्वांत चांगला मायक्रोफोन कोणता?’ हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. ‘माझ्या खोलीत, माझ्या कामासाठी, मराठीतील कोणताही ध्वनी न गमावता आवाज पकडील असा मायक्रोफोन कोणता?’ हा प्रश्न विचारला, तर उत्तर मिळते आणि ते पुष्कळदा अपेक्षेपेक्षा स्वस्त असते.

३. विषय-विवेचन

३.१ आवाजात नेमके काय जपायचे?

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. एका सेकंदात किती कंपने होतात, हे हर्ट्झ या एककात मोजतात. निरोगी तरुण माणसाच्या कानाला साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ इतका पल्ला ऐकू येतो. बोलताना पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या दरम्यान आणि स्त्रीचा २०० हर्ट्झच्या आसपास असतो. ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ या स्वरांची ओळख पटवणारे घटक मुख्यतः ३,००० हर्ट्झच्या आत येतात. व्यंजनांची, विशेषतः घर्षणाने निर्माण होणाऱ्या ध्वनींची, गोष्ट निराळी आहे. ‘स’चा सळसळता आवाज प्रामुख्याने ४,००० हर्ट्झच्या वर असतो, ‘श’चा त्याहून खाली सुरू होतो. दंत्य ‘च’ आणि ‘ज’ यांच्या उच्चाराचा उत्तरार्ध ‘स’सारखा असतो, तर तालव्य ‘च’ आणि ‘ज’ यांचा ‘श’कडे झुकणारा असतो. म्हणजे ‘चार’ आणि ‘चारा’ यांच्यातील ‘च’चा भेद बऱ्याच अंशी या वरच्या पट्ट्यात राहतो.

याचा अनुभव तुम्ही घेतलेला आहे. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. समोरच्याचे बोलणे समजे, कारण स्वर शाबूत असत. पण नाव सांगताना ‘स सशातला की फ फणसातला?’ असे विचारावे लागे. जे मुद्रण वरचा पट्टा गमावते, ते ऐकणाऱ्याला शब्द कळवील. उच्चाराचा पुरावा म्हणून मात्र ते लंगडे ठरेल.

दुसरा धोका क्षीण ध्वनींना असतो. ‘मण’ आणि ‘म्हण’ हे शब्द म्हणून पाहा. त्यांच्यातील फरक हा नाकातून जाणाऱ्या ध्वनीत मिसळलेल्या हलक्या श्वासाचा आहे. पंख्याच्या आवाजात तो सहज बुडतो. अनेक मोबाइल फोन ‘गोंगाट कमी करण्याची’ सोय आपोआप वापरतात. अशी सोय क्षीण श्वासालाच गोंगाट समजून पुसट करू शकते.

तिसरा धोका याच्या उलट, म्हणजे जोराचा. तोंडासमोर तळहात धरून ‘फ’, ‘भ’, ‘ख’ म्हणा. हवेचा झोत हाताला लागेल. हाच झोत मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळला, की मुद्रणात ‘धप्’ असा आवाज येतो आणि लगतचा स्वर त्याखाली दबतो. महाप्राण व्यंजनांनी समृद्ध असलेल्या मराठीत हा दोष वाक्यावाक्याला उद्भवू शकतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

रिकाम्या जागा भरा.
(अ) जुन्या दूरध्वनीवरून साधारण ३०० ते ……… हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे.
(आ) ‘वार्धक्य’ या अर्थाच्या ‘जरा’ शब्दातील ‘ज’ ……… आहे.

३.२ मायक्रोफोनच्या आधी खोली

मायक्रोफोनपर्यंत दोन प्रकारचे आवाज पोहोचतात : तोंडातून थेट येणारा आणि भिंती, छत, फरशी यांवर आदळून उशिरा येणारा. आपल्याकडील सिमेंटच्या गुळगुळीत भिंती आणि टाइल्सची फरशी आवाज फारसा शोषून घेत नाहीत. परिणामी खोली घुमते आणि एका अक्षराचा शेवट पुढच्या अक्षरावर सांडतो. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझणीत शेपूट ऐकू आले, तर त्या खोलीत महागडा मायक्रोफोनही घुमाराच मुद्रित करील.

यावरचा उपाय घरातच असतो. गाद्या, गोधड्या, उशा आणि दाट पडदे असलेली खोली दिवाणखान्यापेक्षा चांगली. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट बोलणाऱ्याच्या पाठीमागे ठेवा. एका दोरीवर जाड गोधडी टाकून ती मायक्रोफोनच्या मागे टांगा आणि खाली सतरंजी अंथरा. भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठे चिकटवण्याची पद्धत लोकप्रिय असली, तरी पातळ पुठ्ठा आवाज पुरेसा शोषत नाही. जाड, मऊ कापड त्याहून कितीतरी उपयोगी पडते. गोधडी बाहेरचा आवाज मात्र अडवीत नाही. त्यासाठी वेळ निवडावी लागते. पाण्याचा पंप, शेजारचा मिक्सर, खिडकीतील कबुतरे आणि रस्त्यावरचे भोंगे यांचे वेळापत्रक तुम्हाला ठाऊक असतेच. मुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवा आणि शीतकपाटाच्या भिंतीपासून दूर बसा.

खोलीनंतर येते ते अंतर. उघड्यावर, जेथे आवाज कशावर आदळून परतत नाही तेथे, अंतर दुप्पट झाले की थेट आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. तोंडापासून १५ सेंटिमीटरवरचा मायक्रोफोन ६० सेंटिमीटरवर नेला, तर अंतर दोनदा दुप्पट होते आणि थेट आवाज सुमारे १२ डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र जवळपास तेवढीच राहते. म्हणून टेबलाच्या पलीकडे ठेवलेल्या भारी मायक्रोफोनपेक्षा वीतभर अंतरावरचा साधा मायक्रोफोन बहुतेक वेळा अधिक स्पष्ट मुद्रण देतो. या घटकातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे झाले, तर हे ठेवा : पैसे खर्च करण्यापूर्वी अंतर कमी करा.

३.३ मायक्रोफोनचे प्रकार

मायक्रोफोन हवेच्या कंपनांचे रूपांतर विजेच्या लहरींत करतो. हे रूपांतर कसे होते, त्यावरून त्याचे मुख्य प्रकार पडतात.

(१) डायनॅमिक मायक्रोफोन : यात पातळ पडद्याला बारीक तारेचे वेटोळे जोडलेले असते. आवाजाने पडदा हलला की वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि वीज निर्माण होते. सभा, कीर्तने आणि वाद्यवृंद यांत हातात दिसणारा मायक्रोफोन बहुधा हाच असतो. तो दणकट असतो आणि त्याला बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. वेटोळ्याच्या वजनामुळे पडदा फार जलद कंपनांना कमी तत्परतेने प्रतिसाद देतो आणि निर्माण होणारी वीजही थोडी असते. म्हणून मुद्रण करताना पातळी बरीच वाढवावी लागते.

(२) कंडेन्सर मायक्रोफोन : यात विद्युतभार असलेल्या दोन पट्ट्या एकमेकींजवळ असतात आणि त्यांतील एक अतिशय पातळ असते. आवाजाने ती हलली की दोघींमधील अंतर बदलते आणि त्या बदलातून विद्युतसंकेत मिळतो. अमेरिकेतील अभियंता ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये असा मायक्रोफोन तयार केला. हलक्या पडद्यामुळे तो ‘स’ आणि दंत्य ‘च’ यांसारखे ध्वनी, तसेच श्वासाचे बारकावे उत्तम टिपतो. त्याला वीज लागते. स्टुडिओतील कंडेन्सरला ती सहसा ४८ व्होल्टच्या ‘फँटम पॉवर’मधून मिळते आणि ती पुरवणारे ऑडिओ इंटरफेस हे उपकरण वेगळे घ्यावे लागते.

(३) कॉलर मायक्रोफोन : कपड्याला चिमट्याने लावायचा हा लहानसा मायक्रोफोन कंडेन्सरचाच एक प्रकार आहे. जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी १९६२ मध्ये विकसित केलेल्या इलेक्ट्रेट तंत्रावर तो चालतो. यातील पदार्थात विद्युतभार कायमचा साठवलेला असल्याने ४८ व्होल्टची गरज राहत नाही; फोनमधून किंवा लहान बॅटरीतून मिळणारी वीज पुरते. या तंत्रामुळेच चांगला मायक्रोफोन स्वस्त झाला.

मायक्रोफोन कोणत्या दिशेचा आवाज घेतो, हेही पाहावे. सर्वदिशी मायक्रोफोन चहूबाजूंचा आवाज सारखा घेतो. बहुतेक कॉलर मायक्रोफोन असे असतात. एकदिशी मायक्रोफोन समोरचा आवाज अधिक आणि पाठीमागचा कमी घेतो. त्याच्या ग्रहणक्षेत्राची आकृती हृदयासारखी असल्याने त्याला कार्डिऑइड म्हणतात. एकदिशी मायक्रोफोन फार जवळ आणला की खालचे सूर फुगतात आणि आवाज कृत्रिमपणे भारदस्त वाटू लागतो. निवेदकाला हे आवडेल. बोलीच्या अभ्यासकाने यापासून सावध राहावे.

येथे एक प्रचलित समज तपासून घेतला पाहिजे. ‘डायनॅमिक मायक्रोफोन खोलीचा आवाज घेत नाही’ असे सर्रास सांगितले जाते. एकाच अंतरावर आणि एकाच दिशाक्षेत्राचे दोन मायक्रोफोन ठेवले, तर थेट आवाज आणि घुमारा यांचे प्रमाण दोघांतही जवळपास सारखेच येते. डायनॅमिक मायक्रोफोन ओठांजवळ धरून वापरण्यासाठी घडवलेला असतो, म्हणून खोली मागे पडते. हे श्रेय मुख्यतः अंतराचे आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

चूक की बरोबर ते सांगा.
(अ) उघड्यावर अंतर दुप्पट झाल्यास थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो.
(आ) डायनॅमिक मायक्रोफोनला ४८ व्होल्ट वीज पुरवावीच लागते.

३.४ खोक्यावरील आकड्यांचे वाचन

विक्रेते आकड्यांची भाषा बोलतात. ती समजून घेतली तर फसगत टळते. पुष्कळशा स्वस्त खोक्यांवर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असे ठळकपणे छापलेले असते. या पल्ल्यात मायक्रोफोन किती सम प्रमाणात आवाज घेतो, हे आलेखावरून किंवा ‘अधिक-उणे इतके डेसिबल’ या नोंदीवरून कळते. ती नसेल तर नुसत्या पल्ल्याला फारसा अर्थ नाही. शूअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ पासून जगभरच्या रंगमंचांवर वापरला जाणारा डायनॅमिक मायक्रोफोन पाहा. त्याचा छापील पल्ला ५० ते १५,००० हर्ट्झ एवढाच आहे. तो ‘स’ आणि ‘श’ दोन्ही नीट सांगतो, कारण या ध्वनींना आवश्यक असलेला पट्टा त्यात सामावलेला आहे.

दुसरा आकडा अंगभूत खरखरीचा. पूर्ण शांततेतही प्रत्येक मायक्रोफोन थोडी खरखर निर्माण करतो. ऑडिओ-टेक्निका कंपनीच्या एटी२०२० या कंडेन्सरसाठी हा आकडा २० डेसिबल दिलेला आहे. शांत वाटणाऱ्या घरातील खोलीचा स्वतःचा आवाज ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक असतो. म्हणजे तुमच्या घरात मायक्रोफोनची खरखर खोलीच्या आवाजाखाली झाकली जाण्याचा संभव अधिक. ती आणखी कमी व्हावी म्हणून जादा पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

तिसरी गोष्ट जोडणीची. यूएसबी मायक्रोफोन संगणकाला थेट जोडता येतो. एक्सएलआर जोडणीच्या मायक्रोफोनला ऑडिओ इंटरफेस लागतो. ३.५ मिलिमीटरच्या पिनवर तीन काळ्या रेषा असतील तर ती सहसा फोनसाठी असते. दोन असतील तर कॅमेऱ्यासाठी. तुमच्या फोनला अशी गोल खोबण नसेल, तर टाइप-सी जोडणीचा मायक्रोफोन किंवा योग्य अडॅप्टर घ्यावा लागेल. दांडी, जाळी, फोम आणि तार यांसह एकाच खोक्यात मिळणाऱ्या अतिस्वस्त कंडेन्सर संचाबाबत विशेष जपा. ४८ व्होल्टसाठी बनवलेला कंडेन्सर फोनच्या किंवा संगणकाच्या गोल खोबणीत खुपसला, तर त्याला पुरेशी वीज मिळत नाही आणि आवाज क्षीण व खरखरीत येतो. नामांकित मायक्रोफोनांच्या हुबेहूब नकलाही बाजारात आहेत; किंमत अविश्वसनीय वाटली तर अधिकृत विक्रेत्याकडेच चौकशी करा.

३.५ निवड कशी करावी?

आता चार प्रातिनिधिक परिस्थिती पाहू. तुमची परिस्थिती यांपैकी कोणत्या तरी एकीच्या जवळ असेल.

(१) खर्च करणे शक्यच नाही : हातातील फोन वापरा. तो तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. गोंगाट कमी करण्याची सोय बंद करता येईल असे ध्वनिमुद्रणाचे अॅप निवडा. ३.२ मधील खोलीची तयारी केली, तर हे मुद्रण प्रकल्पाला पुरेसे ठरेल.

(२) दुसऱ्याच्या घरी जाऊन मुलाखत, कहाणी किंवा ओव्या मुद्रित करायच्या आहेत : तारेचा कॉलर मायक्रोफोन घ्या. बोया कंपनीचा बीवाय-एम१ हे याचे एक परिचित उदाहरण. त्याची तार सहा मीटर लांब असल्याने तुम्ही दूर बसू शकता. हजार रुपयांच्या आत-बाहेर या प्रकारातील मायक्रोफोन मिळतात. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. मंगळसूत्र, पदर आणि बांगड्या त्याला घासणार नाहीत, हे पाहा. सर्वदिशी असल्यामुळे बोलणाऱ्या व्यक्तीने मान वळवली तरी आवाजात मोठा फरक पडत नाही. शिवाय, तोंडासमोर दांडा उभा राहिला की वयस्क माणसे अवघडतात आणि त्यांची बोली प्रमाणभाषेकडे सरकू लागते. लहानसा मायक्रोफोन थोड्या वेळाने विसरला जातो. ओव्या जात्यावर गायल्या जात असतील, तर एकदा जात्याच्या घरघरीसह आणि एकदा जाते थांबवून मुद्रण करा. पहिल्यात लय व संदर्भ राहील, दुसऱ्यात उच्चार.

(३) शहरातील गजबजलेल्या घरात स्वतःचे वाचन, निवेदन वा गायन मुद्रित करायचे आहे : यूएसबी जोडणीचा एकदिशी डायनॅमिक मायक्रोफोन घ्या. यासाठी काही हजार रुपये लागतील. ओठांपासून १० ते १५ सेंटिमीटरवर तो धरला, की घराचा गलबला बराच मागे पडतो. जोडून दांडी मात्र घ्याच. हातात धरलेला मायक्रोफोन बोटांची खसखसही मुद्रित करतो.

(४) खोली शांत व मऊ आहे आणि गायनातील बारकावे हवे आहेत : आता कंडेन्सरचा विचार योग्य ठरेल. भावगीत, नाट्यपद किंवा ख्याल गाताना आवाज कुजबुजीपासून खुल्या तानेपर्यंत जातो. तेथे हलक्या पडद्याचा लाभ दिसतो. मात्र मायक्रोफोन, इंटरफेस, तार, दांडी आणि जाळी यांची बेरीज दहा हजार रुपयांच्या पुढे जाते. केवळ मायक्रोफोनची किंमत पाहून निर्णय घेऊ नका. पहिला स्वर मुद्रित होईपर्यंतचा एकूण खर्च मांडा.

‘फ’ आणि ‘भ’ यांचा झोत अडवण्यासाठी जाळी विकतच घ्यावी असे नाही. कशिद्याच्या गोल रिंगेत जुन्या नायलॉन मोज्याचे किंवा विरळ ओढणीचे कापड ताणून बसवा आणि ती तोंड व मायक्रोफोन यांच्या मधोमध धरा. मायक्रोफोन तोंडाच्या रेषेपासून थोडा तिरका ठेवला, तरी झोत बाजूने निघून जातो.

३.६ मराठी कानाने चाचणी

मायक्रोफोन घेतल्यावर, आणि शक्य असल्यास घेण्यापूर्वी दुकानातच किंवा मित्राकडून मागून आणून, पुढील वाक्य नेहमीच्या आवाजात म्हणा आणि मुद्रित करा :

‘शंकरच्या सासूने चार म्हशींना चारा घातला, जरा वेळ झाडाखाली टेकली आणि भरभरून उमललेली पिवळी फुले परडीत वेचली.’

त्यानंतर पाच सेकंद गप्प राहा. मग हेडफोन लावून ऐका. ‘शंकर’ आणि ‘सासू’ यांतील ऊष्म ध्वनी वेगळे कळतात का? ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ ओळखू येतात का? ‘म्हशी’तील श्वास ऐकू येतो का? ‘भरभरून’ आणि ‘फुले’ या ठिकाणी ‘धप्’ होते का? ‘सासू’ कानाला टोचते का? शेवटच्या पाच सेकंदांत काय ऐकू येते : शांतता, पंखा की खरखर? या सहा प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर तुमचा मायक्रोफोन तुमच्या कामाला योग्य आहे. मग त्याची किंमत काहीही असो.

मुद्रण करताना पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील आणि शून्याला कधीही टेकणार नाही. शून्यापलीकडे गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. गाणाऱ्या व्यक्तीला सर्वांत उंच सुरातील ओळ आधी म्हणायला सांगा आणि त्यावरून पातळी ठरवा. धारिका वेव्ह स्वरूपात, एकाच मार्गिकेत, ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिट या प्रमाणात साठवा. अशा एका तासाच्या मुद्रणाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते. व्हॉट्सअॅपवर ती ध्वनिसंदेश म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवा. एरवी आवाज दाबला जाऊन बारकावे हरवू शकतात. मूळ धारिकेच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

मुद्रणाच्या आरंभी बोलणाऱ्या व्यक्तीची संमती घ्या. तिचे नाव, गाव आणि दिनांक तिच्याच आवाजात नोंदवा. आवाज हे माणसाचे आहे, आपण त्याचे राखणदार आहोत, याचे भान उपकरणापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. मुद्रण झाल्यावर त्या व्यक्तीला ते ऐकवा. स्वतःचाच आवाज ऐकताना पुष्कळ जणांना राहून गेलेले कडवे आठवते.

४. सारांश

मराठी लिपी ‘च’ आणि ‘ज’ यांचे दंत्य-तालव्य भेद दाखवीत नाही. बोलींतील सूर व श्वास तर ती नोंदवूच शकत नाही. हे काम ध्वनिमुद्रण करते. त्यासाठी ऊष्म ध्वनींचा वरचा पट्टा जपला पाहिजे, क्षीण श्वास बुडता कामा नये आणि महाप्राणांचा झोत अडवला पाहिजे. या तिन्ही गोष्टी मायक्रोफोनच्या किमतीपेक्षा खोली, अंतर आणि योग्य प्रकार यांवर अधिक अवलंबून असतात. मुलाखतीसाठी कॉलर, गजबजलेल्या घरातील वाचन-गायनासाठी डायनॅमिक, शांत खोलीतील सूक्ष्म गायनासाठी कंडेन्सर आणि काहीच नसेल तर नीट ठेवलेला फोन, अशी निवड करता येते. अंतिम निर्णय आपल्या कानाने, मराठी ध्वनींची चाचणी घेऊन करावा.

५. पारिभाषिक शब्द

ऊष्म ध्वनी : तोंडातील अरुंद वाटेतून हवा घासत गेल्याने होणारे श, ष, स यांसारखे ध्वनी.
महाप्राण : उच्चारताना श्वासाचा जोर अधिक असलेले ख, घ, फ, भ यांसारखे ध्वनी.
घुमारा : भिंतींवरून परतून उशिरा पोहोचणारा आवाज.
फँटम पॉवर : मायक्रोफोनच्या तारेतूनच पुरवली जाणारी वीज.

६. स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) ३,४०० (आ) तालव्य
प्रश्न – २ : (अ) बरोबर (आ) चूक

७. स्वाध्याय

१. ‘मायक्रोफोनच्या निवडीत किमतीपेक्षा अंतर महत्त्वाचे’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. लिखित नमुना आणि ध्वनिमुद्रित नमुना यांची बोलीच्या अभ्यासातील उपयुक्तता तुलनेने विशद करा.
३. तुमच्या बोलीत प्रमाण मराठीहून वेगळे असणारे ध्वनी कोणते, ते ठरवून चाचणीसाठी एक स्वतंत्र वाक्य तयार करा.

८. क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरातील किंवा शेजारच्या ज्येष्ठ व्यक्तीकडून एक ओवी, कहाणी किंवा आठवण मुद्रित करा. तोच मजकूर प्रथम ६० सेंटिमीटर अंतरावरून आणि नंतर वीतभर अंतरावरून घ्या. दोन्ही मुद्रणे ऐकून कोणते ध्वनी एकात हरवले आणि दुसऱ्यात गवसले, याची शब्दनिहाय यादी करा. ही यादी आणि दोन्ही धारिका संपर्कसत्राच्या वेळी समंत्रकांना दाखवा.